घर आणि बाजार : आषाढातली गाभोळी



पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं ठरलेली असतात. पापड मऊ पडतात, काय करू? डाळीला पोरकिडे लागलेत, काय करू? यंदा मात्र एक पत्र निराळंच आलं. धरणाच्या फुगवट्याजवळ राहणाऱ्या एका भगिनीनं लिहिलं आहे :

‘आमच्या यांना रविवारी मित्रांबरोबर गळ टाकायला जायचा नाद आहे. संध्याकाळी पिशवी ओट्यावर येऊन पडते. तिच्यात बोटाएवढ्या पिल्लांपासून गाभोळीनं फुगलेल्या मासळीपर्यंत सगळं असतं. निवडायचं मी, खवले काढायचे मी, आणि निम्मं तर टाकूनच द्यावं लागतं. काही बोलायला जावं तर, फुकटचं मिळतंय ते खायला काय झालं, असं ऐकून घ्यावं लागतं. कुठले मासे ठेवावेत आणि कुठले सोडावेत याला काही नियम आहेत का? आणि असले तर ते घरी सांगायचे कसे?’

पत्र वाचून आधी हसू आलं. पिशवी आणायची त्यांनी आणि निस्तरायचं आपण, हे काही माशांपुरतंच नाही! पण दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा प्रश्न एकट्या या भगिनीचा नाही. ज्यांचे यजमान गळ टाकत नाहीत त्याही बाजारात टोपलीसमोर उभ्या राहून हेच ठरवत असतात. हा घे, तो नको. आपण जो घेतो तो उद्या पुन्हा टोपलीत येतो. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती. सातवा महिना, आषाढाचे दिवस, बाहेर झड लागलेली. एके दिवशी म्हणाली, “आई, गाभोळी खावीशी वाटते गं.” लेकीचे डोहाळे! मी पिशवी घेऊन तशीच बाजारात गेले. आमच्याकडे भिगवणच्या बाजारातून मासळी येते आणि काही आसपासच्या नदीची असते. गेली वीस वर्षं मी एकाच भोईण मावशींकडून मासे घेते. त्यांना म्हटलं, “मावशी, नदीची चांगली भरलेली मासळी द्या. लेकीला गाभोळी हवीय.”

मावशींनी हातातला कोयता खाली ठेवला. म्हणाल्या, “वहिनी, पोटुशी पोरीला न्हाई म्हनवत न्हाई. पर नदीची नगा मागू. ती बी दोन जिवांचीच हाय की. आज हिला कापली, तर पुढल्या साली टोपलीत काय घालू?”

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपल्याकडे गर्भार बाईला उपाशी दारातून परत पाठवत नाहीत, आणि मी दुसऱ्या गर्भारणीचं पोट फाडून मागत होते. पण मावशींनी मला रिकाम्या हातानं नाही पाठवलं. दुसऱ्या पाटीतून एक रोहू काढला आणि म्हणाल्या, “ह्यो घ्या. शेततळ्यातला हाय. ह्याचं खुशाल खावा.” घरी येऊन चिरला, तर त्यातही गाभोळी निघाली. मी चक्रावले. मग याच्या अंड्यांचं पाप नाही का? पुढे चार जाणत्या माणसांना विचारलं, थोडं वाचलं, तेव्हा उलगडा झाला. तो सांगण्यासारखा आहे.

रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. पावसाळ्यात नदीला पूर आला, वाहतं पाणी मिळालं, की त्यांची मादी अंडी सोडते. साचलेल्या तळ्यात तिच्या पोटात अंडी भरतात, पण ती सोडत नाही. हळूहळू ती अंडी पोटातच जिरून जातात. म्हणून पूर्वी तळ्यात मासे पाळायचे तर पुराच्या पाण्यातून पिल्लं गोळा करून आणावी लागत. १९५७ साली जुलै महिन्यात कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला टोचून अंडी सोडायला लावण्याची युक्ती साधली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात हवी तेवढी पिल्लं तयार होऊ लागली. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना आपल्याकडे ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. जिऱ्याएवढी असतात म्हणून जिरे! ती वाढून बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. शेततळ्यात आणून सोडतात ती ही बोटुकली. म्हणजे माझ्या पाटीतल्या त्या रोहूची गाभोळी तळ्यात कधी फळणारच नव्हती. ती खाल्ल्यानं कुणाचं काही बुडालं नाही. नदीतल्या मादीचं तसं नाही. तिच्या पोटात अंडी लाखांच्या घरात असतात, आणि त्यातली वाचणारी पिल्लं हीच नदीची पुढच्या वर्षांची पुंजी असते.

ही पुंजी संपताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. माझं माहेर मावळातलं. मृगाचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की ओढ्याला लाल पाणी यायचं आणि नदीतले मासे त्या पाण्याला तोंड देत वर चढायचे, थेट भाताच्या खाचरांपर्यंत. आमच्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणत, कोकणात वलगणीचे म्हणतात. गावातले बाप्ये आणि आम्ही पोरं टोपल्या, घमेली, जुनी लुगडी, मिळेल ते घेऊन धावायचो. त्या रात्री घराघरांत एकच वास! आजी मात्र कुरकुरायची. “चढतीचा मासा अडवू नये रे, उतरतीचा खावा,” म्हणायची. चढतो तो अंडी घालायला, उतरतो तो काम उरकून. कुणी तिचं ऐकलं नाही. आम्हीही नाही.

मागच्या खेपेला गेले तेव्हा भावाला विचारलं, “चढणीचे मासे येतात का रे अजून?” तो म्हणाला, “पाणी येतं ताई, मासा येत नाही.” आता दोष एकट्या आमच्या घमेल्यांचा नव्हे. मध्ये बंधारे झाले, वाळू उपसली गेली, कारखान्याचं आणि गावाचं घाण पाणी नदीत आलं. ते आपल्या एकटीच्या हातात नाही. पण टोपलीतून काय उचलायचं, ते तर आहे ना?

म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणि तुम्हां सर्वांना तीन साधे प्रश्न देते. कधी? कोणता? केवढा?

पहिला प्रश्न, कधी. नदीतल्या बहुतेक माशांचा विणीचा काळ पावसाळ्याच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत येतो. शेजारच्या मध्य प्रदेशात तर १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळच ठरवून दिला आहे. इंदूर-जबलपूरकडच्या आपल्या वाचक भगिनींना तो ठाऊक असेलच. आपल्या राज्यात गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आहे. धरणं-तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. म्हणून गळ टाकायला जाण्याआधी तिथल्या संस्थेला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारावं : परवाना लागतो का, बंदी कधीपासून कधीपर्यंत, जाळं कसलं चालतं. नियम पाण्यापाण्याला निराळे असू शकतात. फुकटचं वाटणारं पाणी कुणाच्या तरी ठेक्याचं असतं, हेही घरी कळलेलं बरं!

यात एक गंमत पाहा. जून-जुलैत समुद्रावर यांत्रिक बोटींना बंदी असते, त्यामुळे पापलेट-सुरमई महाग होते आणि आपण नदीच्या मासळीकडे वळतो. त्यातच येतो आखाड. श्रावण लागायच्या आत खाऊन घेऊ म्हणून घरोघर सामिषाची धांदल! म्हणजे नदीची मासळी पोटुशी असते नेमकी तेव्हाच तिला सगळ्यांत जास्त मागणी. श्रावण पाळतो ते ठीकच, पण माशांच्या दृष्टीनं निम्मा हंगाम तोवर उलटून गेलेला असतो. तेव्हा आखाडात मासे खायचेच असतील तर शेततळ्यातले खा, किंवा चिलापी खा. नदीची मासळी दसऱ्यापर्यंत राहू द्या.

दुसरा प्रश्न, कोणता.

चिलापी : हिला आपण उगाच नाकं मुरडतो. ही परदेशातली पाहुणी, १९५२ साली आपल्या देशात आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, काही महिन्यांतच वयात येते आणि वर्षातून कितीतरी वेळा विते. उजनीसारख्या धरणात हिनं आपलं राज्य केलं आहे, आणि आपल्या नदीच्या माशांचं खाणं आणि जागा हिनं बळकावली आहे. म्हणून ही मनसोक्त खावी. लहान असो, मोठी असो, पाण्यात परत टाकू नये. स्वस्त आहे, काटे मोजके आहेत, मुलांना देता येते.

रोहू, कटला, मृगळ : तळ्यात पाळलेले असतील तर बाराही महिने घ्या. नदीतले किंवा धरणातले असतील तर पावसाळा सोडून घ्या.

मरळ : चवीला उत्तम, काटे कमी, आजाऱ्यालाही देतात. पाण्याबाहेर बराच वेळ जगते म्हणून बाजारात जिवंत मिळते. पण हिच्या घरसंसाराची एक गोष्ट आपल्या यजमानांना अवश्य सांगा. मरळीची पिल्लं लालसर असतात आणि पाण्याच्या वरच्या अंगाला थव्यानं फिरतात. खाली आईबाप पहारा देत असतात. कुणी जवळ आलं की अंगावर धावून जातात, आणि त्या रागातच गळाला लागतात. ते लागले की त्या थव्याला वाली उरत नाही, दुसरे मासे पिल्लं फस्त करतात. एक मासा घरी येतो आणि सबंध घर बुडतं. लाल थवा दिसला की तिथं गळ टाकू नये.

महासीर : मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाकेचा, वाहत्या स्वच्छ पाण्यातला हा आपला मानाचा मासा. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथं, महाडकडे वाळण कोंडीत, लोक त्यांना ‘देवाचे मासे’ म्हणतात, चुरमुरे घालतात, पण मारत नाहीत. सरकारचे कायदे नव्हते तेव्हाची ही बंदी, आणि ती कागदावरच्या बंदीपेक्षा चांगली पाळली गेली. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात याची पिल्लं तयार करून ठिकठिकाणी सोडली गेली आहेत. गळाला महासीर लागला तर फोटो काढावा आणि सोडून द्यावा.

मांगूर : इथं माझी दुसरी चूक सांगते. एकदा परगावी बिनखवल्यांचा एक मोठा काळसर मासा ‘देशी मांगूर’ म्हणून स्वस्तात मिळाला. दोन किलो भरला. घरी आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी मांगूर वीत-दीड वीत असायचा. हा कुठला राक्षस?” त्या बरोबर होत्या. तो आफ्रिकन मांगूर होता. २००० सालापासून आपल्या देशात त्याच्या पैदाशीवर बंदी आहे. तो दिसेल ते खातो, नदीत शिरला तर आपल्या माशांचा फडशा पाडतो, आणि पुष्कळदा त्याला सडकं मांस घालून वाढवतात. तेव्हा मांगूर किलो-दोन किलोचा दिसला तर घेऊच नये. गळाला लागला तर पाण्यात मुळीच परत सोडू नये.

आणि ‘गोड्या पाण्यातलं पापलेट’ म्हणून जो विकतात तो रूपचंद. तोही परदेशी, तळ्यात पाळलेला. खायला हरकत नाही, पण पापलेटचा भाव देऊ नका. तोंड उघडून पाहा, माणसासारखे दात दिसतील!

तिसरा प्रश्न, केवढा. आपण भाजीवाल्याकडे कोवळी भेंडी निवडतो, तसं माशांचं नाही. रोहू-कटल्यासारखा मासा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वयात येतो. त्याआधी धरला तर तो एकदाही विणला नाही असं होतं. बोटुकली म्हणजे बियाणं. बियाणं दळून भाकरी कोण करतं? म्हणून आमच्या घरी नियम केला आहे : नदी-धरणातला रोहू-कटला किलोच्या आतला असेल तर घ्यायचा नाही. बारीक घरांच्या जाळ्यात अशीच पिल्लं येतात. जाळ्याच्या घराला आस म्हणतात. आपण पिल्लं घेणं थांबवलं तर बारीक आसाचं जाळं टाकण्यात कुणाला राम उरणार नाही.

आणि अगदी मोठ्या मादीचंही तसंच. जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. अमेरिकेत कित्येक तळ्यांवर दोन मापं ठरवून देतात : त्या दोन मापांच्या मधला मासा घरी न्यायचा, धाकटा आणि थोरला सोडायचा. आपल्याकडे सांगायचं तर, पाळण्यातल्याला आणि घरच्या जाणतीला हात लावू नये, मधल्यानं कामाला यावं!

आणखी दोन सूचना. सुरुंगानं किंवा विष टाकून मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे. सुरुंगाचा मासा चिरताना कळतो : कणा मोडलेला, आत रक्त साकळलेलं. असा मासा दिला तर परत करा आणि मोठ्यानं सांगा, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं. दुसरं, पहिल्या पावसानंतर कधी कधी नदीवर मेलेले मासे तरंगताना दिसतात. त्या आठवड्यात त्या पाण्यातला मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता पत्राचा शेवटचा प्रश्न, घरी सांगायचं कसं. पिशवी ओट्यावर आल्यावर वाद घालून उपयोग नाही. मेलेला मासा परत जिवंत होत नाही आणि नवराबायकोचं मात्र बिनसतं. बोलायचं ते शनिवारी रात्री, जेवताना. ‘उद्या किलो-दीड किलोचा एकच आणा, त्याचा रस्सा करते. बोटाएवढे आणलेत तर निवडायला तुम्हीच बसायचं,’ एवढं हसत सांगावं. हा उपाय आमच्या शेजारणीनं करून पाहिला. दोन रविवार तिचे यजमान विळीवर बसले, तिसऱ्या रविवारी पिल्लं आली नाहीत! सोडायची रीतही सांगून ठेवा : हात आधी ओले करावेत, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यात बोट घालू नये. गळ पाण्यातच अलगद काढावा आणि मासा आपणहून शेपूट हलवेपर्यंत धरून ठेवावा. एखाद्या रविवारी मुलांनाही बरोबर पाठवा. बापाच्या हातून मासा परत पाण्यात गेलेला पाहिला की मुलं तो विसरत नाहीत.

जाता जाता चिलापीची कृती. आधी कात्रीनं पाठीचे आणि बाजूचे काटेरी पर कापावेत, नाहीतर हात फाटतात. खवले काढून पोट चिरलं की आत काळी पातळ साल दिसते, ती खरवडून काढावी. मग मीठ, हळद आणि मूठभर बेसन चोळून दहा मिनिटं ठेवून धुवावी. दोन्ही बाजूंना चिरा देऊन आलं-लसूण-कोथिंबीर-हिरवी मिरची यांचं वाटण, कांदा-लसूण मसाला, चिंचेचा कोळ आणि मीठ लावून अर्धा तास मुरू द्यावी. तांदळाच्या पिठीत थोडा रवा मिसळून त्यात घोळवावी आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस तळावी. गोड्या पाण्यातला मासा आत कच्चा ठेवू नये. तळ्यातल्या रोहूची गाभोळी मिळाली तर हळद-मीठ लावून आधी वाफवून घ्यावी, म्हणजे तव्यावर फुटत नाही.

त्या दिवशी लेकीनं अशीच गाभोळी खाल्ली. दोन महिन्यांनी नात झाली. आता ती माझ्याबरोबर बाजारात येते. मावशींच्या टोपलीत वाकून विचारते, “आजी, हा नदीचा की तळ्यातला?” मावशी हसतात आणि म्हणतात, “वहिनी, तुमची नात माझं गिऱ्हाईक तोडनार.”

पण तोडत नाही. दसरा झाला की आम्ही पहिला मासा त्यांच्याकडूनच घेतो. नदीचा.